भिशीचे देणे आणि देवाची क्षमा

वाचकाचे पत्र : मी ४७ वर्षांचा आहे. आमचे घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. वडील मंडळीच्या (चर्चच्या) पंच कमिटीत होते. अहिल्यानगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझे किराणा दुकान होते. दुकानातूनच मी वस्तीतल्या वीस बायकांची भिशी चालवत असे, महिन्याला प्रत्येकी हजार रुपये. सहा महिने व्यवस्थित चालली. सातव्या महिन्यापासून चिठ्ठी निघाली तरी मी पैसे दिले नाहीत. तीन महिन्यांचे ६० हजार दारूत आणि उधारीत गेले. एका रात्री दुकानाला कुलूप घालून पत्नी व मुलीसह पिंपरी-चिंचवडला निघून आलो. त्याला सात वर्षे झाली. दोन वर्षांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रात राहिलो, तेव्हापासून दारूला शिवलेलो नाही, आणि प्रभू येशूला खऱ्या अर्थाने तिथेच ओळखले. आता गोदामात नोकरी करतो, पगार १८ हजार. येत्या डिसेंबरातल्या सभेत मी साक्ष द्यावी, म्हणजे देवाने माझे आयुष्य कसे पालटले ते सर्वांसमोर सांगावे, असे मंडळीतील लोक म्हणतात. काही जण म्हणतात, नोकरी सोडून बायबल शाळेत जा, देवाचा तुझ्यासाठी उद्देश आहे. पत्नी मात्र म्हणते, ‘देवानं माफ केलं असेल, मी नाही केलं.’ मुलगी बोलतच नाही. त्या बायकांपैकी भाजी विकणाऱ्या एक बाई वारल्याचे कळले. पहाटे तीनला जाग येते आणि वाटते, जगून तरी काय उपयोग? पाळकसाहेब म्हणतात, देवाने पापे समुद्राच्या तळाशी टाकली, आता तू उकरू नकोस. मित्र सांगतो, तीन वर्षे उलटली की देणे कायद्याने संपते. मग मला समाधान का नाही? आणि माझ्या उरलेल्या आयुष्याचा उद्देश काय?

उत्तर :

प्रिय बंधू, सप्रेम सलाम.

आपण विचारलेल्या क्रमाने मी उत्तर देत नाही. जगण्याचा काय उपयोग, असे पहाटे तीनला वाटते, ही ओळ आपण पत्राच्या मधोमध, जाता जाता लिहिल्यासारखी लिहिली आहे. मी ती आधी घेतो. तो विचार कधी मरणाच्या दिशेने वळत असेल, तर उजाडण्याची वाट न पाहता घरातील माणसाला उठवावे, केंद्रातील समुपदेशकाला फोन करावा, किंवा शासनाच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ती सेवा विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. दारू सोडलेल्या माणसाच्या झोपेची घडी बसायला पुष्कळदा बराच काळ लागतो, म्हणून एकदा डॉक्टरांनाही दाखवावे. पहाटेची प्रत्येक जाग ही देवाची हाक असते, असे आपल्या प्रार्थना सभांतून फार सहज सांगितले जाते. काही वेळा ती औषधाने जाते आणि तसे झाले तर त्यात विश्वासाला कमीपणा येत नाही.

आता क्षमेविषयी. क्षमा खरी असती तर मनाला शांती मिळाली असती, असा आपला तर्क दिसतो. ख्रिस्ती शिकवण क्षमेचा पाया आपल्या भावनेवर ठेवत नाही. येशूने क्रूसावर जे केले त्यावर ती तो ठेवते, आणि ते काम आपण दुकानाचा गल्ला उपसत होता त्या दिवसांतही पूर्ण झालेलेच होते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. तरीही आपल्या साक्षीत त्या सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळायचा राहिला होता, हे त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी उमगले. संस्कृताच्या पंडितांना थक्क करणाऱ्या बाईंना एवढा काळ लागला, तर आपण दोन वर्षांत मनाच्या शांतीचा ताळेबंद मागू नये. आपल्याला क्षमा झाली आहे. पश्चात्ताप करून येशूकडे येणाऱ्याला तो परत पाठवत नाही, या शब्दाला मी कोणतीही अट जोडणार नाही, आणि या उत्तरात पुढे मी जे काही लिहीन ते या क्षमेची किंमत म्हणून वाचू नये, ही माझी विनंती आहे.

मात्र पाळकसाहेबांशी एका बाबतीत मी नम्रपणे असहमत आहे. देव आमची सर्व पापे समुद्राच्या डोहात टाकील, असे मीखा संदेष्ट्याच्या सातव्या अध्यायात आहे आणि ते मोठे सांत्वनाचे वचन आहे. पण तेथे पापे समुद्रात टाकली आहेत. त्या बायकांचे पैसे नव्हेत. ते पैसे आजही त्यांच्या घरात कमी आहेत.

आठवण करून देणे आणि क्षमा नाकारणे या दोन गोष्टींत आपली गल्लत होत असावी. येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचावी. प्रमुख याजकाच्या वाड्यात, कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा असताना त्याने येशूला नाकारले. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी शिष्य होडीतून उतरले तेव्हा त्यांना पुन्हा कोळशाचा विस्तव दिसला, त्यावर मासळी होती आणि भाकर होती. येशूने आधी त्यांना जेवू घातले. जेवण झाल्यावर त्याने पेत्राला विचारले, आणि एकदा विचारून सोडले नाही. नाकारणे तीनदा झाले होते, विचारणेही तीनदा झाले. तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी झाला, असे योहान स्पष्ट लिहितो. झाले गेले विसरून जा, असे येशू त्याला म्हणाला नाही; पण त्या प्रत्येक उत्तरानंतर त्याने आपली मेंढरे त्याच्या हवाली केली. येशूला पैशासाठी पकडून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला होता, हे आपण विसरतो. त्याने चांदीची तीस नाणी परतसुद्धा केली. पण तो ज्यांच्याकडे गेला ते याजक आणि वडील ‘त्याचे आम्हाला काय’ म्हणून मोकळे झाले, आणि त्याने गळफास घेतला. दोघांचा अपराध तोलत बसण्यापेक्षा मला एवढेच महत्त्वाचे वाटते की पेत्र त्या काठावर, त्या विस्तवाजवळ, त्या अवघड प्रश्नांसमोर बसून राहिला. आपल्या पहाटेच्या अस्वस्थतेत मला शिक्षा दिसत नाही. आपल्याला अजून कोणी तो प्रश्न विचारलेला नाही आणि आपल्याला तो ऐकायचा आहे, असे मला दिसते.

जक्कयाची गोष्ट आपल्याला संडे स्कूलपासून पाठ असेल. बुटका जकातदार उंबराच्या झाडावर चढतो, येशू त्याला खाली बोलावतो, आणि आपल्या शिकवणीत गोष्ट बहुधा तेथेच संपते, कारण मुलांना झाड आवडते. मोठ्या माणसांनी पुढचे वाचायला हवे. येशूने ‘आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे’ असे म्हटले तेव्हा जक्कयाने एका पैशाचेही वचन दिलेले नव्हते. कृपा आधी आली. त्यानंतर तो उभा राहून म्हणाला की अर्धे द्रव्य गरिबांना देतो आणि अन्यायाने कोणाचे घेतले असेल तर चौपट परत करतो. मोशेच्या नियमशास्त्रात, जो आपण होऊन पाप कबूल करतो त्याने मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा भरावा, एवढेच आहे. चौपट भरपाई मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला सांगितली आहे. जक्कयाने स्वतःला सवलतीचे कलम न लावता चोराचे कलम लावून घेतले. त्या घराला आज तारण प्राप्त झाले आहे, असे येशू म्हणाला ते या बोलण्यानंतर.

आता आपल्या हिशेबाकडे येतो, आणि येथे मला आपल्याला थोडे कठोरपणे थांबवावे लागेल. आपण ६० हजार रुपये लिहिले आहेत. ती आपण खाल्लेली रक्कम आहे. त्या बायकांची बुडालेली रक्कम वेगळी आहे. वीस जणींनी नऊ महिने हजार-हजार भरले. पहिल्या सहा महिन्यांत सहा जणींची चिठ्ठी निघाली आणि त्यांना २० हजार मिळाले. आपण निघून गेल्यावर भिशीच मोडली. त्या सहा जणींनी पुढचे हप्ते भरण्याचा प्रश्न उरला नाही, म्हणजे त्यांनी नऊ हजार भरून २० हजार घेतले. उरलेल्या चौदा जणींचे प्रत्येकी नऊ हजार, म्हणजे १ लाख २६ हजार रुपये गेले. त्यांतले ६६ हजार आपल्या खिशात आले नसतील, पण भिशी चालवणारा माणूस हाच तिचा जामीन असतो. हप्ते वसूल करणे आणि चिठ्ठी पोचवणे ही जबाबदारी आपली होती. सहा जणींकडे बोट दाखवू नका. आपल्या वहीत ६० हजार आणि त्यांच्या तोंडी सव्वा लाख असेल, तर आपण माफी मागायला म्हणून जाल आणि पहिल्या पाच मिनिटांत हिशेबावरून भांडण लागेल.

१८ हजार पगारातून महिन्याला तीन हजार बाजूला काढता आले, तर १ लाख २६ हजार फिटायला ४२ महिने लागतात, साडेतीन वर्षे. पाचवा हिस्सा वर धरला तर रक्कम १ लाख ५१ हजार २०० होते आणि मुदत चार वर्षांच्या थोडी पुढे जाते. पाचवा हिस्सा द्यावाच, असा माझा आग्रह नाही; आपण नियमशास्त्राखाली नाही. पण सात वर्षांत नऊ हजारांची किंमत किती उतरली, हे किराणा दुकानदाराला मी सांगण्याची गरज नसावी. तेलाच्या डब्याचा तेव्हाचा भाव आठवून पाहा. हे देणे फेडण्यासाठी नवे कर्ज काढू नये, पत्नीचे दागिने तर मुळीच मागू नयेत. एकाचे घेऊन दुसऱ्याला देण्याची सवयच आपल्याला येथवर घेऊन आली आहे.

आपले मित्र मुदतीच्या कायद्याविषयी सांगतात त्यात तथ्य आहे. साध्या पैशाच्या दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते. त्याचा अर्थ वसुलीसाठी न्यायालयात जाण्याचा रस्ता बंद होतो, एवढाच. आणि विश्वासाने ठेवायला दिलेले पैसे वापरले, या फौजदारी बाजूचा विचार निराळा. शिवाय मुदत गेलेले देणे फेडण्याचे लेखी, सही केलेले वचन आपण दिले, तर भारतीय करार कायद्याच्या २५व्या कलमाखाली ते नव्याने बंधनकारक होऊ शकते. म्हणून गावी जाण्याआधी एखाद्या वकिलाला सर्व हकिगत सांगावी आणि स्टॅम्प पेपरवर काय लिहावे, काय लिहू नये, ते विचारून घ्यावे. मी हे पळवाट म्हणून सांगत नाही. भावनेच्या भरात ‘दोन महिन्यांत सगळे देतो’ असे लिहून दिले आणि ते जमले नाही, तर त्या बायका दुसऱ्यांदा फसतील.

कसे जावे, हे आपण विचारले नाही, पण अडचण तेथेच आहे. दारू सोडणाऱ्यांच्या बारा पायऱ्यांपैकी आठवी आणि नववी केंद्रात आपण ऐकल्या असतील. ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी करायची आणि शक्य तेथे प्रत्यक्ष भरपाई करायची. मात्र भरपाई करताना त्यांना किंवा इतरांना इजा होणार असेल तेथे थांबायचे. हा अपवाद आपल्या बाबतीत अक्षरशः लागू आहे. भिशीत पैसे टाकणाऱ्या कित्येक बायका ते नवऱ्याला, सासूला कळू न देता टाकतात. कोणी मुलीच्या शिकवणीसाठी, कोणी गहाण ठेवलेले सोन्याचे मणी सोडवण्यासाठी. आपण दारात उभे राहून सगळ्यांदेखत ‘तुमचे नऊ हजार मी खाल्ले’ असे कबूल केले, तर आपल्याला हलके वाटेल आणि तिला त्या रात्री घरात जाब द्यावा लागेल. म्हणून त्यांच्यातल्याच जाणत्या एखाद्या बाईंना आधी फोन करावा, आपण येणार असल्याचे आणि कशासाठी येणार ते सांगावे, आणि प्रत्येकीला कोठे, केव्हा भेटलेले चालेल ते त्यांनाच ठरवू द्यावे. काही जणी भेटणार नाहीत. त्यांना भेटायला भाग पाडू नये; हप्ता पोचवण्याची तेवढी सोय विचारावी.

नाताळच्या आधी गेलात तर चांगले, पण सणाच्या दिवशी जाऊ नये. सणाला दारात आलेल्या माणसाला हाकलणे आपल्याकडे कोणालाही जड जाते, आणि तो संकोच त्यांच्यावर लादण्याचा अधिकार आपल्याला नाही. जाताना मोकळ्या हाताने जाऊ नये. पहिल्या फेरीत प्रत्येकीला पाचशे रुपये देता आले तरी पुरे. चौदा पाकिटांचे सात हजार होतात, तेवढे साठेपर्यंत दोन-तीन महिने थांबावे. बोलणे थोडके असावे. पैसे मी घेतले, दारूत घालवले, तोंड चुकवून पळालो, आणि आता दर महिन्याला इतके देणार आहे. दारूचा आजार, धंद्यातली मंदी, वाईट संगत ही कारणे खरी असतील, पण ती त्यांनी विचारल्याशिवाय सांगू नयेत. ‘प्रभूने मला क्षमा केली आहे’ हे वाक्य तर त्या दारात अजिबात उच्चारू नये. जिचे पैसे गेले तिच्या कानाला ते ‘आता तू मागू नकोस’ असे ऐकू येते. शिव्या मिळतील, त्या ऐकून घ्याव्यात. कोणी माफ केलेच तर आभार मानावेत, पण त्यांचा हप्ता बंद करू नये.

वारलेल्या बाईंचे काय, हा प्रश्न आपल्याला सर्वांत जास्त टोचत असावा. जुन्या कराराने इतका बारीक विचार केला आहे की मला त्याचे नेहमी आश्चर्य वाटते. गणनाच्या पाचव्या अध्यायात म्हटले आहे की भरपाई घ्यायला तो माणूस उरला नसेल तर ती त्याच्या जवळच्या नातलगाला द्यावी, आणि नातलगही नसेल तर ती परमेश्वराची होते व याजकाकडे जाते. बाईंना मुलगा-मुलगी असतील. भाजीबाजारात विचारले तर पत्ता लागेल. त्यांचे नऊ हजार त्यांच्या मुलांचे आहेत. ते मंडळीच्या दानपेटीत टाकून मोकळे होण्याचा मोह होईल, कारण पेटी प्रश्न विचारत नाही. वारस सापडतच नाहीत अशी खात्री झाली, तरच तो मार्ग.

पत्नीविषयी. त्यांचे वाक्य आपण तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. मला ते या साऱ्या पत्रातले सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटले. वस्तीतल्या बायकांनी पैसे आपल्या दुकानाकडे पाहून दिले असतील, तितकेच ते आपल्या पत्नीच्या तोंडाकडे पाहून दिले असतील. महिला मंडळात, नळावर, हळदीकुंकवाला आणि नाताळच्या करंज्यांना ज्यांच्यासोबत त्या बसत होत्या, त्या मैत्रिणींना त्यांनी एका रात्रीत गमावले, तेही न सांगता, कुलूप लागल्यावर. देवाची क्षमा पत्नीच्या वतीने मिळत नाही. त्यांना उपासनेला चला म्हणून आग्रह करू नये, क्षमेची वचने वाचून दाखवू नयेत, आणि गावी जाताना सोबत या असेही म्हणू नये. चौदा नावांची यादी मात्र त्यांच्यासमोर ठेवावी. आपल्या आठवणीत चुकलेली नावे आणि रकमा त्या दुरुस्त करतील, किंवा करणार नाहीत. मुलीला एकदाच, थोडक्यात सांगावे की आपण काय ठरवले आहे. सात वर्षांपूर्वी शाळा आणि मैत्रिणी सोडून रात्रीतून निघालेल्या मुलीने लगेच बोलावे, ही अपेक्षा धरू नये.

डिसेंबरातल्या सभेत साक्ष देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साक्षीचे मोल मी जाणतो. स्तोत्रसंहितेतले दाविदाचे ५१वे स्तोत्र ही साक्षच आहे. पण आपल्याकडे साक्षीचा एक साचा पडून गेला आहे. आधी पापाचे रसभरीत वर्णन, मग एका रात्रीत पालट, मग टाळ्या आणि हालेलुया. त्या साच्यात फसवल्या गेलेल्या माणसांना जागा नसते. आपण पिंपरीच्या व्यासपीठावर उभे राहून भिशीची गोष्ट सांगावी, कोणीतरी तिचा मोबाइलवर व्हिडिओ काढावा, आणि तो फिरत फिरत त्या चौदा जणींपैकी कोणाच्या फोनवर पोचावा, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. आपल्या नऊ हजारांवर कोणीतरी धार्मिक झाले, एवढेच तिला कळेल. पाळकसाहेबांना सांगावे की ज्यांचे देणे आहे त्यांना आधी भेटायचे आहे. ते समजून घेतील, असे मला वाटते. आणि एखादा विश्वासू वडीलधारा दर तीन महिन्यांनी आपली हप्त्यांची वही तपासायला त्यांनी नेमून दिला, तर ती साक्षीपेक्षा मोठी मदत होईल.

जॉन न्यूटन यांचे उदाहरण या संदर्भात देतो, कारण ‘अमेझिंग ग्रेस’ हे त्यांचे गीत सभांतून फार गायले जाते. मार्च १७४८ मध्ये समुद्रातील वादळात जीव वाचला तेव्हा त्यांनी देवाला हाक मारली आणि तेथून आपले परिवर्तन सुरू झाले, असे ते मानत. परंतु त्यानंतर १७५४ पर्यंत ते गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवर होते, कप्तान म्हणूनसुद्धा. १७६४ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली, १७७३च्या नववर्षाला ते गीत गायले गेले. आणि त्या व्यापारातील स्वतःचा हिस्सा जाहीरपणे कबूल करणारी पुस्तिका त्यांनी लिहिली ती १७८८ मध्ये, वादळानंतर चाळीस वर्षांनी. त्या पुस्तिकेचा गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीला मोठा उपयोग झाला आणि १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने तो व्यापार बंद केल्याचे पाहून त्याच वर्षाअखेर ते वारले. न्यूटन ढोंगी होते, असे मला म्हणायचे नाही. गीत आधी आले आणि हिशेब चाळीस वर्षे मागे राहिला, हे त्यांच्या बाबतीत घडले, आणि ज्यांचा हिशेब होता त्यांना ती चाळीस वर्षे परवडणारी नव्हती.

आता उद्देश. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातील अठ्ठाविसावे वचन आपण उघडून पाहावे. पौल म्हणतो की चोरी करणाऱ्याने पुन्हा चोरी करू नये, उलट आपल्या हातांनी चांगले काम करून श्रम करावेत, यासाठी की गरजवंताला देण्यास त्याच्याजवळ काही असावे. चोराला सांगायला तो बसला होता, तर ‘चोरी सोड’ एवढ्यावर थांबला असता तरी चालले असते. त्याने चोराला देणारा करून टाकले. गोदामातील पाळी, पाठीवर उचललेली खोकी, महिन्याच्या एक तारखेला बाजूला काढलेले तीन हजार, हे सर्व त्या वचनात बसते. देवाचा उद्देश व्यासपीठावर किंवा बायबल शाळेत वाट पाहत आहे आणि नोकरी हा त्याआधीचा थांबा आहे, ही कल्पना मला पौलाच्या पत्रांत सापडत नाही. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, तारण कृपेनेच आहे, कर्मांनी नाही, असे ठासून सांगितल्यावर लगेच पुढच्याच वचनात तो म्हणतो की सत्कृत्यांसाठी आपल्याला निर्माण केले आहे आणि ती देवाने आधीच योजून ठेवली आहेत. आपल्यासाठी योजलेल्यांपैकी चौदा तर आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत.

रमाबाईंकडे पुन्हा एकदा वळतो. इंग्लंडमधील मुक्कामात, लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना सांभाळणाऱ्या भगिनींचे काम त्यांनी पाहिले. या बायकांची काळजी का घ्यावीशी वाटते, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना, येशू विहिरीवर जिच्याशी बोलला त्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली, योहानाचा चौथा अध्याय. पुढे दौंडजवळ केडगावला दुष्काळातल्या मुलींसाठी मुक्ती सदन उभे राहिले, तेथेच समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदनही झाले. मला या हकिगतीत रमाबाईंची दृष्टी मोलाची वाटते. त्यांनी एक गोष्ट वाचली आणि ती कोणासाठी करायची ते आपल्या मुलखात शोधले. आपल्याला शोधायला एवढे लांबही जावे लागणार नाही. केंद्रात नव्याने दाखल होणारे असतात, त्यांच्यातला कोणी दुकानदार असेल, कोणी बचत गटाचे पैसे उडवून आलेला असेल. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत वांद्र्याला कृपा फाउंडेशन सुरू केले, तेव्हा ते स्वतः मद्यासक्तीतून बाहेर आलेले धर्मगुरू होते. व्यसनी माणसाची भाषा त्यांना कोणी शिकवावी लागली नाही. आपण एवढे मोठे काही करावे, असे मी सुचवत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ केंद्रात जावे, चहा करावा, खुर्च्या मांडाव्यात, आणि कोणी देण्याघेण्याविषयी विचारले तर वही दाखवावी.

बायबल शाळेविषयी एवढेच की अर्ज आत्ता भरू नये. तेथे गेल्यावर पगार थांबेल आणि हप्ते थांबतील. देणे फिटेल तेव्हा आपले वय ५१च्या आसपास असेल. तेव्हाही मन तिकडे ओढत असेल तर शाळा असतीलच, आणि प्रवेशाच्या मुलाखतीत आजवर काय केले असे विचारले तर सांगायला ती वही असेल. तूर्त या रविवारी उपासनेनंतर एक कागद घ्यावा, चौदा नावे लिहावीत, समोर नऊ हजार मांडावेत, आणि तो रात्री जेवणानंतर पत्नीपुढे ठेवावा. वकिलाकडे त्यानंतर जावे.